ज्याचा एक्का, त्याची कहाणी

१

रविवारी दुपारची जेवणं उरकली की ताई टेबलावरचे जबडे उचलून फळीवर ठेवायची. घाबरू नका, प्लास्टरचे जबडे. ताईचा धंदाच कवळ्या बनवायचा. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, अ‍ॅक्रिलिक शिजवून हिरडीच्या रंगाची कवळी काढायची आणि जिभेला खोट काढता येऊ नये इतकी ती गुळगुळीत घासायची. एका दुकानामागची लांबट खोली, हाच तिचा कारखाना. चारही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोके आणि जबडे. वकीलबाई म्हणायची, "तुझ्याकडे आलं की वाटतं, सगळं कोर्ट आ वासून बसलंय आणि चूक माझीच आहे."

ही वकीलबाई ताईची शाळेपासूनची मैत्रीण. दुसरे यायचे ते मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारे. आणि चौथा ताईचा धाकटा भाऊ. तो कुठून यायचा नाही, तिथेच असायचा. ही चौघं मिळून एक खेळ खेळायची.

खेळ तसा सोपा. मास्तर गोष्ट रचायचे आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्राला काही धोक्याचं करायचं असेल तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर नाही जमलं. वीस पडले तर वाहवा. आणि एक पडला तर नुसतं फसत नाही, पार वाट लागते.

या एक्क्यावरून सुरुवातीला रणकंदन झालं होतं. मास्तर ज्या मंडळींत हा खेळ शिकले, तिथे एक्का पडला की तलवार तुटायची, नाहीतर बाण आपल्याच माणसाला लागायचा. वकीलबाईने लगेच दावा लावला.

"मास्तर, जन्मभर तलवार चालवलेला माणूस दर वीस वारांमागे एकदा स्वतःचा पाय तोडतो? असा तलवारबाज महिन्याभरात लुळापांगळा व्हायचा!"

"मग काय, एक्क्याचे लाड करू? पडला तर पडला, चला पुढे?"

"छे, त्यात काय मजा?"

"म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजूंनी बोलायचंय."

"सवय आहे हो ती."

शेवटी तोडगा काढला ताईने. एक्का पडला तर काय बिघडलं ते मास्तरांनी सांगायचं नाही. ज्याच्या हातून पडला त्यानेच, आपल्या तोंडाने, आपली फजिती सांगायची. मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि एकदा त्याने सांगितलं की ते घडलं. मग ते कुणालाही पुसता येणार नाही, मास्तरांनासुद्धा. ज्याचा एक्का, त्याची कहाणी. दोघांनाही पटलं, आणि हे दोघं एकमताने हो म्हणाले म्हणजे नवलच.

अडचण एकट्या धाकट्याची होती. तो बोलतच नव्हता.

२

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी काम करता करता तळाच्या खड्ड्यात पडला. खड्डा तो केवढा, माणसाच्या छातीएवढा. पण सोबतच्यांना तो सापडायला संध्याकाळ झाली. त्यांनी त्याच खड्ड्यात बॅटरी मारून मारून पाहिलं होतं, आणि ते अगदी गळ्याची शपथ घेऊन सांगत होते, की खड्डा रिकामा होता. आणि संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर हा त्यात उभा. अंगावर ओरखडा नाही आणि तोंडात शब्द नाही.

घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, डोक्याच्या डॉक्टरांनी डोकं. धक्का बसलाय, बोलेल हळूहळू, असं सगळ्यांनीच सांगितलं. सोबतच्यांनी घाबरून नीट पाहिलंच नसणार, अशी ताईने आपल्या मनाची समजूत घातली. माणूस घाबरला की समोरचं दिसत नाही त्याला.

पूर्वी हा घरात असला की रेडिओ लावायची सोय नव्हती. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. "अरे, गप रे बाबा जरा!" असं ओरडून ताईचाच घसा बसायचा. आता तो भांडी घासायचा, कपडे वाळत घालायचा, काही विचारलं तर मान हलवायचा, हसायचासुद्धा. इतका गुणी धाकटा ताईने जन्मात पाहिला नव्हता आणि तो तिला सोसवत नव्हता. तिला त्याचा आवाज हवा होता. शिव्या दे, भांड, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेव, पण बोल. याखेरीज तिचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

खेळात तो मशालजी झाला होता. मास्तरांच्या गोष्टीत एक उलटा बुरूज होता, जमिनीतून खाली खाली गेलेला. त्याच्या गोल पायऱ्यांवर सगळ्यात पुढे मशालजी आणि त्याच्या कमरेला दोर. दोराचं टोक ताईच्या पात्राच्या हातात, म्हणून ती दोरवाली. मागून तलवार घेऊन वकीलबाई. धाकटा मास्तरांच्या नकाशावर बोट ठेवायचा आणि फासा टाकायचा. पुढचं मास्तर त्याच्या वतीने सांगायचे.

त्या रविवारी त्याने एका पायरीवर बोट ठेवून फासा टाकला. एक्का.

"बरं, तर आपला मशालजी..." मास्तरांनी सुरुवात केली.

"पायरी नव्हती," धाकटा म्हणाला.

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"पाय टाकला, पण पायरी नव्हती. खाली गेलो. लागलं नाही काही." त्याचाच आवाज, तोच जरा बसका. "दोर ताणलाय. खाली उजेड आहे. केवढं आहे हे... अरे बापरे, केवढं आहे हे!"

एवढं बोलला आणि हात लांब करून त्याने बिस्कीट घेतलं. ताई त्याचे खांदे धरून हसली, रडली, "बोल ना रे, परत बोल," म्हणत तिने त्याला गदागदा हलवलं. तो आपला तिच्याकडे बघत राहिला. हिला एकदम काय झालं, असा त्याचा चेहरा.

वकीलबाई निघताना दारात घुटमळली. "अगं, एक विचारू? त्याचा आवाज घुमत होता का गं?"

"घुमेल कसा? इथे फळ्याच फळ्या, खोके, प्लास्टर. इथे ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही."

"तेच तर म्हणते मी."

वकीलबाईने टाळी वाजवून पाहिली. ओल्या गादीवर हात मारावा तसा आवाज आला आणि तिथेच मेला.

३

ताईने त्या घुमण्याचा विचार सोडून दिला. पुढचं दुकान रिकामं आहे, भिंतीत जुने नळ आहेत, त्यातून घुमला असेल. आंधळा मागतो एक डोळा, इथे तर देवाने आवाज दिलाय, तो घुमतो म्हणून तक्रार कसली करायची? डॉक्टरांना सांगितलं तर तेही खूश झाले. "खेळू द्या त्यांना. खेळातूनच मोकळे होतील," म्हणाले.

पण फासा काही तिच्या घरचा नोकर नव्हता. रविवारमागून रविवार गेले, धाकट्याला सात पडायचे, बारा पडायचे, एकदा वीस पडले. मास्तर आणि वकीलबाई सवयीने वाहवा म्हणाले आणि ताईचा चेहरा पाहून गप्प झाले. सगळं जग वीस मागतं. ही बाई जीव मुठीत धरून एक मागत होती.

पडला एकदाचा. धाकट्याने लगेच मान वर केली.

"दोर थोडा सुटला," तो म्हणाला. "थोडा खाली आलो. भिंतीला हात लावला, भिंत कोमट आहे. मशाल वर धरली तर उजेड वर जातोय, जातोच आहे, कुठे अडतच नाही."

तो गप्प झाला. खोली गप्प झाली. आणि मग कुठून तरी, फळ्यांच्या पलीकडून म्हणा, पायाखालून म्हणा, त्याचेच शब्द परत आले. अडतच नाही. मागच्या वेळी आवाज शब्दाला चिकटून घुमला होता. या वेळी मधे एक अख्खा श्वास घेऊन झाला होता.

फळीवरच्या जबड्यांना बारीक कंप सुटला आणि थांबला.

मास्तर डोंगर-दऱ्या शिकवणारे, त्यांना प्रतिध्वनी काही नवा नव्हता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "केवढी दरी असेल तेव्हा एवढा वेळ लागतो, ठाऊक आहे?"

"मास्तर, तुमच्या नकाशात पुढे काय आहे तिथे?" वकीलबाईने विचारलं.

"काही नाही. त्या पायरीच्या खाली मी काही काढलेलंच नाही. कोरा कागद आहे."

कुणीच कुणाला भ्यालो म्हणालं नाही. खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हतीच ती. रात्री गच्चीवर पडून आभाळाकडे फार वेळ पाहिलं की आपण वर पडू असं वाटतं ना, तसं काहीतरी होतं. वकीलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते का, हे तिलाही सांगता येईना. तरी पुढच्या रविवारी तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

४

आता ताईने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, आणि सुचलं तरी जमलं नसतं.

तिने दाताच्या रंगाच्या अ‍ॅक्रिलिकचा एक फासा ओतला. वीस तोंडं, प्रत्येक तोंड कवळीसारखं घासलेलं. वीसच्या आकड्याच्या समोर, बरोब्बर पाठीला, एकचा आकडा असतो. तिने वीसच्या तोंडाखाली, आत, धातूचा जड तुकडा पुरला. कवळीचा सांगाडा ज्याचा ओततात तोच धातू. जड तोंड खाली बसणार, एकचं तोंड वर येणार. कितीही वेळा टाका, कसाही टाका, एक्का.

मन खात होतं तिचं. फसवणूक ती फसवणूकच. पण फसवते कुणाला, ती स्वतःला विचारायची. कुणाचं घर बुडणार आहे? खेळातला एक मशालजी चार पायऱ्या खाली घसरेल, आणि माझा भाऊ चार वाक्यं बोलेल. चार वाक्यांची सवय झाली की चाळीस बोलेल. जिभेला वळण लागलं की लागलं.

रविवारी तिने तो फासा हळूच धाकट्यापुढे सरकवला. "हा घे, तुझ्यासाठी नवा बनवलाय."

धाकट्याने तो तळहातावर तोलून पाहिला. मग ताईकडे पाहिलं. लिफ्टच्या तोलाचं काम केलेला माणूस तो, त्याला का कळलं नसेल? पण त्याने टाकला.

एक्का.

"दोर सुटला, आणखी खाली आलो." त्याचा आवाज लांबून आला. ओठ हलत होते समोर, हातभर अंतरावर, आणि आवाज लांबून. "खालचा उजेड दिव्याचा नाहीये. रंग नाही त्याला. इथे वारा पण आहे, वरून खाली येतो, मग खालून वर जातो."

ताईने फासा पुन्हा त्याच्या हातात दिला. त्याने टाकला. एक्का. मास्तरांनी भुवया वर केल्या. वकीलबाईने ताईकडे असं पाहिलं की शाळेत कॉपी करताना धरल्यासारखं ताईला झालं. पण दोघांपैकी कुणी "थांब" म्हणालं नाही, कारण दोघांनाही पुढचं ऐकायचं होतं.

"केवढं आहे हे," धाकटा म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. "सांगताच येत नाही. आपण सगळे वर कुठे तरी एका खिशात राहतो. इथे... केवढं आहे!"

ते त्याचे शब्द परत यायची चौघं वाट पाहत बसली. चहा निवला. शब्द परत आले नाहीत.

५

"ताई," धाकटा म्हणाला.

फासा कुणी टाकला नव्हता. तो आपणहून बोलत होता. याच हाकेसाठी तिने इतका आटापिटा केला होता, आणि ती हाक अशी आली की तिला कान टवकारून ऐकावी लागली. रस्त्याच्या पार टोकाहून कुणी बोलावं तशी.

"हां, बोल. बोल माझ्या राजा."

"वर दोर कुणी धरलाय? तूच ना?"

"मीच धरलाय."

"एक्का पडला की तो थोडा सुटतो. मग मी खाली येतो. खाली आलो की तोंड उघडतं. म्हणून बोलता येतं मला. मी वर आलोच नव्हतो गं त्या दिवशी. नुसता अडकलोय मध्येच. वर काय बसलंय ते मला माहीत नाही."

ताईने समोर पाहिलं. खुर्चीत तिचा धाकटा बसला होता. तेच केस, तीच हनुवटी, भांडी घासून पांढरी पडलेली बोटं. इतके दिवस गुणी, शहाणा, गप्प. त्याचे डोळे तिच्यावर होते आणि त्यांत ओळखीचं काही नव्हतं, राग नव्हता, लोभ नव्हता.

म्हणजे आपणच ढकलत होतो. आवाज ऐकायच्या हौसेपायी एकेक एक्का टाकायला लावून आपल्याच हाताने त्याला खाली ढकलत होतो. करायला गेलो काय आणि झालं काय! ढोंग आहे हे, तिचं मन म्हणत होतं, आजारी माणूस आहे, आजारी माणूस काहीही बोलतो. पण मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा होता आणि वकीलबाईने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. जमीन कलली की माणूस धरतो तशी.

"ताई, दोर सोडतेस का?" आवाज फार प्रेमाने म्हणाला. "दुखत नाही इथे. खाली जावंसं वाटतं. एकदा वाकून बघ, तुलाही वाटेल. सोड."

तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

टेबलाखाली फरशी होती तिथे फरशी नव्हती. तिचे पाय कशावर टेकले होते देव जाणे. खाली गोल गोल पायऱ्या उतरत होत्या, त्यांच्याही खाली बिनरंगाचा उजेड, आणि त्या उजेडाच्या तळाशी सपाट, शांत, क्षितिजापर्यंत पसरलेला तळ. इतकं सुंदर तिने काही पाहिलं नव्हतं. सोडावं, असं तिलाही वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

मग तो तळ हळूच कूस बदलून तिच्याकडे वळला.

६

ताई ताठ बसली. तिने धाकट्यापुढचा फासा उचलला.

"मास्तर, आता माझी पाळी."

"ताई, आज आपण इथेच..."

"दोरवाली दोर सोडते," ताई म्हणाली.

"वेडी झालीस का?" वकीलबाई किंचाळली. "ऐकलंस ना त्याचं? सोडलास तर..."

"सोडते म्हटलं ना! धोक्याचं काम आहे, फासा टाकावा लागणार. बरोबर ना मास्तर?"

मास्तरांनी कशीबशी मान हलवली. फासा टेबलावर गडगडला, एका बाजूला लचकला आणि बसला. एक्का. दुसरं काही पडणं शक्यच नव्हतं, ते ताईला पक्कं ठाऊक होतं.

मग वकीलबाईचा चेहरा पालटला. कायदा कुठून वाकतो हे तिला कुणी शिकवायला नको. "एक्का," ती पुटपुटली. "म्हणजे फसलं. सोडायला गेली आणि... अगं बाई! सांग, सांग लवकर! कुणी मध्ये बोलायचं नाही!"

"दोर सोडायला गेले," ताई म्हणाली. "मूठ उघडेना. बोटं जोर करून उघडायला गेले, तर ती आणखीच आवळली. सोडणं मला जमलं नाही. झटापटीत माझाच तोल गेला आणि मी धाडकन मागे पडले, दोरासकट पडले. दोर वर आला आणि दोराबरोबर जो होता तो वर आला. अशी माझी फजिती झाली. मला साधा दोर सोडता आला नाही."

हे म्हणताना तिची खुर्ची खरंच मागे कलंडली. फळीवरचे जबडे धडाधड खाली आले, प्लास्टरचा धुरळा उडाला, मास्तर चष्मा शोधत टेबलाखाली गेले. तिथे फरशी होती. साधी, डागाळलेली फरशी.

"आई आई गं!" धुरळ्यातून कुणीतरी खोकलं. "ताई, किती जोरात ओढतेस! कंबर मोडली ना माझी!"

आवाज बसका होता, जवळचा होता, आणि खोलीत पडल्या पडल्या मरत होता. तो कुठेही घुमला नाही. धाकटा खुर्चीत वाकून कंबर चोळत होता आणि ताईकडे असा रागाने पाहत होता, की तो राग बघून ताईला रडूच फुटलं.

"हसतेस काय? रडतेस काय? काहीतरी एक कर. आणि हे काय, मी असा रोड कसा झालो? तूच स्वयंपाक करत होतीस ना इतके दिवस? तरीच!"

वकीलबाई त्याच्या गळ्यात पडली. मास्तर चष्मा न लावताच हसत होते. धाकट्याचा पट्टा सुटला तो सुटला. लिफ्टच्या मालकाला शिव्या झाल्या, मास्तरांच्या नकाशाला नावं ठेवून झाली, कारखान्यात किती पसारा म्हणून बोलून झालं. खाली काय पाहिलं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मात्र तो अडखळला. "कुठे खाली?" म्हणाला आणि पुन्हा दुसरंच बोलू लागला.

ताई जमिनीवरच बसली होती. ऐकून तिचे कान निवत होते. असाच बोलत राहा, ती मनात म्हणत होती, जन्मभर बोलत राहा, मी एकदासुद्धा गप म्हणणार नाही.

तिची उजवी मूठ मात्र अजून आवळलेली होती. तिने ती पदराआड घेतली आणि डाव्या हाताने बोटं सोडवून पाहिली. एक बोट हललं नाही. मुठीत काही दिसत नव्हतं. पण मूठ खाली ओढली जात होती, फरशीकडे, सावकाश, आणि मग थोडी सैल, आणि मग पुन्हा सावकाश. धाकटा तर वर आला होता, समोर बसून बडबडत होता. तरी ओढ तसूभरही कमी होत नव्हती. उलट ती एका माणसाच्या ओझ्यापेक्षा किती तरी जड होती, आणि कूस बदलून वळलेला तो तळ तिला आठवला.

मूठ उघडेना, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. ते आता कुणाला पुसता येणार नव्हतं.

"ताई, अगं ऊठ ना," धाकटा म्हणाला. "चहा टाक सगळ्यांना."

"आज तू टाक रे," ताई म्हणाली, आणि दुसरा हातही तिने त्या मुठीवर घट्ट धरला.